पोटावरची चरबी : त्याची आणि तिची

पंचेचाळिशीतला एक पुरुष आणि त्याच वयाची एक स्त्री. दोघांचा बीएमआय ३३. तक्त्यानुसार दोघेही लठ्ठ, दोघांची नोंद एकाच रकान्यात. रक्ताचे रिपोर्ट मात्र बऱ्याचदा वेगळंच काही सांगतात. पुरुषाची उपाशीपोटीची साखर वर सरकलेली, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचडीएल उतरलेलं, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर'. स्त्रीचे हेच आकडे तुलनेने बरे. पाळी थांबल्यावर काही वर्षांत तिचेही आकडे त्याच्या वाटेने जाऊ लागतात. हा फरक का पडतो आणि पुढे तो पुसट का होतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचं उत्तर वजनकाट्यावर मिळत नाही; पोटाच्या आत, चरबीच्या एकेका पेशीपर्यंत जावं लागतं.

या प्रश्नाकडे डोळसपणे पाहणारे पहिले वैद्य म्हणजे फ्रान्समधल्या मार्से शहरातले डॉ. ज्याँ व्हाग. १९४७ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेत एक लेख प्रसिद्ध केला. दंडावरची आणि मांडीवरची चरबी मोजून, स्नायूंशी तिचं प्रमाण काढून, त्यांनी लठ्ठपणाचे दोन प्रकार वेगळे केले. वरच्या अंगात साठणारा तो अँड्रॉइड, म्हणजे पुरुषी. नितंब-मांड्यांवर साठणारा तो गायनॉइड, म्हणजे बायकी. मधुमेह, धमनीकाठिण्य आणि गाउट हे पहिल्या प्रकाराच्या मागे येतात, असं त्यांनी नोंदवलं. त्यांच्या निरीक्षणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की पुरुषी ठेवणीची चरबी असलेल्या स्त्रियांनाही हेच आजार होत होते. म्हणजे धोका चरबीच्या एकूण वजनापेक्षा तिच्या जागेत होता, आणि ती जागा बहुतांशी लिंगानुसार ठरत होती. १९५६ मध्ये त्यांचा लेख इंग्रजीत आला. तरीही पुढची पंचवीसेक वर्षं वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही, कारण तोवर चरबी म्हणजे निव्वळ साठा, असाच समज पक्का होता.

तो समज हलवला स्वीडनमधल्या गोथेनबर्गने. १९८४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिथले दोन अभ्यास आले. एकात १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांचा १३ वर्षांचा मागोवा होता, दुसऱ्यात १४६२ स्त्रियांचा १२ वर्षांचा. कंबर आणि नितंब यांच्या घेरांचं गुणोत्तर जितकं जास्त, तितके हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, असं दोन्हींत दिसलं. नुसत्या बीएमआयला ते इतकं स्पष्ट दाखवता आलं नव्हतं. १९९२ मध्ये त्याच गटाने आणखी धीट प्रश्न विचारला : पुरुषांना हृदयविकाराचे झटके जास्त येतात, त्याचं मोठं कारण पोटावरची चरबी हेच तर नसेल? कंबर-नितंब गुणोत्तर हिशेबात धरल्यावर स्त्री-पुरुषांमधला फरक जवळजवळ उरला नाही. सांख्यिकीचा असा निष्कर्ष म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे, हे खरं. पण तेव्हापासून संशोधकांना मोजपट्टी बाजूला ठेवून ऊतीकडे वळणं भाग पडलं.

पोटावरची चरबी ही एक वस्तू नाही. चिमटीत सापडते ती त्वचेखालची. तिच्यातही एक पातळ पडदा असतो. त्याच्या वरचा थर आणि खालचा थर यांचं वागणं सारखं नसतं. खालच्या थराचा इन्सुलिनला होणाऱ्या अवरोधाशी संबंध जास्त जवळचा. पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि ओमेंटम नावाच्या पडद्यावर असते ती आंतरिक चरबी. ती चिमटीत येत नाही. एकूण चरबीतला तिचा वाटा पुरुषांत साधारण १० ते २० टक्के, तर स्त्रियांत ५ ते ८ टक्के असतो. वाटा लहान, पण जागा महत्त्वाची. ओमेंटम आणि आतड्यांकडचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, त्यामुळे तिथल्या पेशींनी सोडलेली मेदाम्लं सर्वांत आधी यकृताला गाठतात. यकृतात मेदाम्लांचा पूर आला की ते जास्त साखर आणि जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडतं, शिवाय इन्सुलिनचा निचराही कमी करतं. 'पोर्टल सिद्धांत' म्हणून ओळखली जाणारी ही मांडणी १९९० मध्ये गोथेनबर्गच्याच पेर ब्यॉर्नटॉर्प यांनी केली.

आता पेशीकडे. मेदपेशीची कामं दोन : जेवणानंतर मेद साठवणं आणि उपाशीपोटी, श्रमात, ताणात तो फोडून मेदाम्लं सोडणं. फोडण्याचा हुकूम नॉरॲड्रेनॅलिन हा संदेशवाहक रेणू देतो. पण या एकाच रेणूसाठी पेशीवर दोन तऱ्हेचे रिसेप्टर असतात. बीटा जातीचे मेद फोडायला लावतात, अल्फा-२ जातीचे तेच काम रोखतात. कुठल्या पेशीवर कोणाचं पारडं जड, यावर तिथली चरबी चटकन सुटणार की धरून ठेवली जाणार, हे ठरतं. स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे रुग्णालयातल्या पेटर आर्नर यांच्या गटाने या एका मुद्द्यावर अनेक वर्षं घालवली. १९९७ मध्ये त्यांनी लठ्ठ स्त्रिया आणि लठ्ठ पुरुष यांच्या ओमेंटममधल्या पेशींची तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया आधीच ठरलेल्या रुग्णांकडून, त्यांच्या संमतीने, ऊतीचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि त्यांना नॉरॲड्रेनॅलिन देऊन त्या किती मेदाम्लं सोडतात ते मोजायचं, अशी ही पद्धत. पुरुषांच्या पेशी आकाराने मोठ्या निघाल्या आणि त्यांनी कितीतरी जास्त मेदाम्लं सोडली. त्यांच्यात बीटा-३ रिसेप्टर अधिक संवेदनशील होते आणि अल्फा-२ चा लगाम सैल होता. लठ्ठपणा सारखाच असताना पुरुषाच्या यकृताला जास्त मेद का सोसावा लागतो, याचं इतकं नेमकं उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले मायकेल जेन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी जिवंत माणसाच्या शरीरात मेदाम्लांचा माग काढला. त्यासाठी त्यांनी खुणेचे रेणू वापरले आणि यकृताच्या शिरेपर्यंत नळी नेली. २००४ च्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की पोर्टल शिरेतल्या मेदाम्लांपैकी आंतरिक चरबीतून येणारी मेदाम्लं सडपातळ माणसात ५ ते १० टक्के आणि लठ्ठ माणसात २० ते २५ टक्के असतात. उरलेली बहुतेक त्वचेखालच्या चरबीतून, सगळ्या शरीराला वळसा घालून येतात. शिवाय आंतरिक चरबी वाढत जाते तसा तिचा हा वाटा स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक वेगाने वाढतो. म्हणजे 'आतली वाईट, बाहेरची निरुपद्रवी' ही वर्तमानपत्री विभागणी टिकत नाही. त्याआधी वर्षभर, २००३ मध्ये, याच गटाने आणखी एक चक्रावणारी गोष्ट दाखवली होती. शरीराच्या ऊर्जेच्या गरजेशी ताडून पाहिलं तर उपाशीपोटी स्त्रियांची मेदऊती पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त मेदाम्लं सोडते. तरी तिचं रक्त बिघडत नाही, कारण सोडलेल्या मेदाम्लांतली बरीचशी तिची त्वचेखालची ऊती पुन्हा उचलून साठवते. सोडणं आणि उचलणं ही दोन्ही कामं जिथे जोमाने चालतात तिथे यकृतावर आणि स्नायूंवर भार कमी पडतो. या एका निष्कर्षासाठीसुद्धा हे पुस्तक लिहिणं मला आवश्यक वाटलं, कारण चरबीचं आरोग्य तिच्या हालचालीत आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या आरोग्यविषयक लेखनात जवळजवळ येतच नाही.

२००४ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी लायपोसक्शनने काढल्यावर काय होतं ते सांगितलं. काही किलो चरबी गेली, कंबर बारीक झाली; इन्सुलिनचा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातले मेद यांत सुधारणा झाली नाही. पुढे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतच ओमेंटम काढून टाकण्याचे प्रयोग झाले. नंतरच्या काटेकोर चाचणीत त्याचाही वेगळा फायदा दिसला नाही. चरबी कापून काढणं आणि खाण्या-चालण्यातून तिचे व्यवहार बदलणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पोट 'काढून' देणाऱ्या जाहिरातींना भुलणाऱ्या वाचकाने या विषयावरचं प्रकरण तरी जरूर वाचावं.

साठवणुकीच्या बाजूला स्त्री-पुरुषांतला फरक आणखी ठळक आहे. जेवणातला मेद स्त्रियांत त्वचेखालच्या ऊतीत जास्त प्रमाणात जातो, विशेषतः मांड्या आणि नितंबांवर. मांडीवरच्या पेशींत अल्फा-२ रिसेप्टरचं राज्य, त्यामुळे तिथला मेद सहजी सुटत नाही. दख्खनच्या जुन्या घरांत रोजचं धान्य कणगीतून काढत आणि पेव मात्र अडीनडीलाच उघडत. पोटावरची चरबी आणि मांडीवरची चरबी यांचं नातं मला तसं दिसतं. पेव उघडतं ते बाळंतपणानंतर. १९८५ मध्ये मारिएल रेब्युफे-स्क्रीव्ह यांनी दाखवलं, की एरवी आणि गर्भारपणाच्या सुरुवातीला मांडीवरची ऊती मेद जोमाने ओढून घेते, पण स्तनपान सुरू झालं की तिथलं साठवणं कमी होतं आणि मेद फुटू लागतो. जो मेद डाएटने किंवा व्यायामाने हलत नाही असं बायका वर्षानुवर्षं सांगतात, तो बाळाच्या दुधासाठी राखलेला असतो. कित्येक बायकांना मांड्यांवरून घरच्यांचे आणि शिक्षकांचे टोमणे ऐकावे लागतात. आरोग्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्याच मांड्या त्यांच्या यकृताचं रक्षण करत असतात, हे त्यांना कोणीतरी ठामपणे सांगायला हवं.

जादा अन्न आल्यावर ऊती ते कसं सामावून घेते, यालाही महत्त्व आहे. असलेल्याच पेशी फुगवणं हा एक मार्ग, नव्या पेशी तयार करणं हा दुसरा. २०१० मध्ये मेयो क्लिनिकमध्ये सडपातळ तरुण स्त्री-पुरुषांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खाऊ घातलं गेलं. पोटावरच्या पेशी फुगल्या. कमरेखाली मात्र नव्या पेशी जन्माला आल्या, अवघ्या १.६ किलो चरबीसाठी सुमारे २.६ अब्ज. फुगलेली पेशी मेद नीट धरून ठेवू शकत नाही, दाहकारक द्रव्यं सोडते, तिच्याभोवती पांढऱ्या पेशी जमतात. कमरेखाली नव्या पेशी करण्याची सोय ज्या शरीरात उदार, ते शरीर लठ्ठपणा जास्त काळ सोसतं. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २००८ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा उपयोग करून मेदपेशींचं वय काढलं. दर वर्षी साधारण दहा टक्के पेशी बदलतात, पण त्यांची एकूण संख्या बालपण आणि पौगंडावस्थेतच बऱ्यापैकी ठरून जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे सारं हार्मोनच्या देखरेखीखाली चालतं. इस्ट्रोजेन मेद त्वचेखाली वळवतं आणि श्रम करताना मेद जाळायला मदत करतं. पाळी थांबल्यावर आंतरिक चरबी वाढते ती ते घटल्यामुळेच. ॲमस्टरडॅममध्ये लिंगबदलासाठी हार्मोन घेणाऱ्यांच्या पोटाची एमआरआय चित्रं काढली गेली, तेव्हा इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत त्वचेखालची चरबी वाढलेली दिसली, आणि टेस्टोस्टेरॉन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आंतरिक चरबी वाढलेली दिसली. मग पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन घटलं की त्याचं पोट आत जायला हवं, होतं उलटंच. याचं एक कारण असं की पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पुरुषालाही ते इस्ट्रोजेन लागतं. पीसीओएस असलेल्या मुलींत पुरुषी हार्मोन वाढलेलं असतं आणि इन्सुलिनचा अवरोधही. आपल्या शहरांत ही तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींना 'लग्न झालं की बरं होईल' असं अजूनही सांगितलं जातं, याची मला चीड येते. त्यांच्या पोटावरच्या चरबीत जे चाललं आहे त्यावर तरुणपणीच लक्ष द्यायला हवं.

स्त्रीला निसर्गाने दिलेली ही सवलत कायमची नाही. स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून २०११ मध्ये दिसलं की टाइप-२ मधुमेहाचं निदान होताना पुरुषांचा सरासरी बीएमआय ३१.८ असतो, स्त्रियांचा ३३.७. म्हणजे स्त्रीला मधुमेह व्हायला जास्त चरबी वाढावी लागते. पण तो झाला की तिच्या हृदयाला होणारा तुलनात्मक धोका पुरुषापेक्षा अधिक वाढतो. साठवणुकीची क्षमता संपेपर्यंत तिने जो पल्ला ओलांडलेला असतो तो लांबचा असतो, आणि वाटेत तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि तिचं काम पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकलेली. २००४ च्या लॅन्सेटमध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तो फोटो जगभर दाखवला गेला. त्यात दोघेही पुरुष आहेत. अशाच दोन स्त्रियांचं चित्र इतकं प्रसिद्ध कधी झालं नाही, याची खंत वाटते, कारण त्या गावांतली कथा सुरू होते ती आयांच्या कुपोषणापासून. २००७ मध्ये ॲलन स्निडरमन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की दक्षिण आशियाई माणसांत त्वचेखालच्या वरच्या थराची जागाच लहान असते, ती लवकर भरते आणि उरलेला मेद खोल थरात व पोटात जातो. हे बरोबर असेल तर आपल्या स्त्रियांना मिळणारी सवलतही आखूड असणार. कंबरेच्या मर्यादा भारतीयांसाठी पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर अशा खाली आणल्या गेल्या आहेत.

मोजमापाबद्दल इथेच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, पहिल्यांदा कंबर आणि नितंब मोजले गेले. नुसत्या कंबरेच्या घेरावरून, पुरुषांसाठी ९४ आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा धरून, सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुष पोटाने लठ्ठ ठरले. त्याच सर्वेक्षणात कंबर-नितंब गुणोत्तर घेतलं तर स्त्रिया ५७ टक्के आणि पुरुष ४८ टक्के. माणसं तीच, फक्त मोजण्याची रीत बदलली, आणि स्त्री-पुरुषांतलं अंतर कितीतरी कमी झालं. यावरून कोणाची चरबी जास्त घातक हे कळत नाही, कारण घेर ऊतीचा आकार सांगतो, तिचे व्यवहार सांगत नाही. पुरुषांच्या बाबतीत तर पँटच्या मापावर विसंबण्याची सवय फसवी आहे. पट्टा पोटाखाली बांधल्यावर चौतिसाची पँट वर्षानुवर्षं बसते आणि कंबर शंभर सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते. मोजायचं ते शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर.

हे पुस्तक वाचताना वाचकाने एक सावधगिरी बाळगावी, कारण ज्या संशोधनावर ते उभं आहे त्यातही लिंगभेद शिरलेला आहे. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पाश्चात्त्य देशांत बहुसंख्य स्त्रिया असतात, म्हणून अतिलठ्ठ माणसाच्या ओमेंटमविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच स्त्रियांच्या ऊतीतून आलेलं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत उलट स्थिती आहे. मादी उंदीर तुपकट आहारालाही बऱ्यापैकी तोंड देते, म्हणून प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं नरच वापरले. त्यातही नर उंदराच्या ज्या चरबीच्या गठ्ठ्याला 'आंतरिक' म्हणून तपासतात तो वृषणाजवळचा असतो. माणसात तसा गठ्ठाच नाही, आणि त्याचं रक्त पोर्टल शिरेतही जात नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक प्रकरणात प्रयोग स्त्रियांवर झाला, पुरुषांवर झाला की उंदरांवर, हे मजकुरातच सांगितलं आहे. जिथे दोघांचे निष्कर्ष एकत्र मिसळून छापले गेले होते तिथे ते शक्य तितके वेगळे काढले आहेत.

पहिली दोन प्रकरणं मेदपेशीच्या रचनेवर आणि रिसेप्टरवर आहेत. रसायनशास्त्राची सवय सुटलेल्यांना ती जड वाटतील. त्यांनी पाळी, गर्भारपण आणि रजोनिवृत्तीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. गरज पडेल तसं मागे येता येईल. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी भारतीय शरीरावरचं प्रकरण आधी वाचावं, आणि ते वाचून झालं की घरातल्या प्रत्येकाची कंबर, बायकांची आणि पुरुषांची, एकाच पद्धतीने मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावी. डॉक्टरांना तो कागद दाखवताना चाळिशीपुढच्या स्त्रीने पाळी कधी थांबली तेही सांगावं. अनेकदा ते विचारलंच जात नाही.